दूधसिस्टरची पिशवी

हे नाव त्यांना वॉचमनमुळे पडलं. तो कामावर नवा होता. एक घाबराघुबरा नवरा फाटकाशी आला, "त्या दुधाच्या सिस्टर कुठं बसतात?" असं विचारून आत पळाला. वॉचमननं ते डोक्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून सिस्टर बाहेर पडल्या, तसा तो खुर्चीवरून उठला आणि अदबीनं म्हणाला, "सिस्टर, आमच्याकडे रोज अर्धा लिटर लागतं. तुमचं गाईचं असतं की म्हशीचं?"

सिस्टरांच्या मागून येणारी आयाबाई भिंतीला टेकून खालीच बसली. तिला हसू आवरेना.

तेव्हापासून त्या दूधसिस्टर. डॉक्टरसुद्धा तसंच म्हणायचे.

बाळंतिणींच्या वॉर्डात शेवटच्या खिडकीपाशी पडदा लावून, बाळाला अंगावर पाजायला शिकवायचा एक कोपरा केला होता. त्यात हातांच्या दोन खुर्च्या, बेसिन, भरपूर उशा आणि एक बुटकं स्टूल. खुर्च्या बाळंतिणींच्या. स्टूल सिस्टरांचं. "वरून बोललं की बाई ऐकत नाही, नुसती मान हलवते," असं त्या म्हणायच्या.

नवी बाळंतीण आली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "मी इथं बसू का?" नाही असं कुणीच म्हणत नसे. तरी त्या विचारायच्या, आणि उत्तर येईपर्यंत उभ्या राहायच्या. मग स्टुलावर बसून दोन्ही हात पाठीमागे न्यायच्या. एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडून ठेवायच्या. बाळ रडो, आई रडो, सासू पडदा सारून "अहो, जरा धरून लावा की" म्हणो, ते हात पुढे यायचे नाहीत.

जे दाखवायचं ते ठमीवर. ठमी म्हणजे चिंध्यांची बाहुली. सिस्टरांनीच शिवलेली. वजन खऱ्या बाळाएवढं व्हावं म्हणून तिच्या पोटात वाळू भरली होती. तोंड मोठं, कायम उघडं. डोळ्यांची दोन बटणं दोन रंगांची, कारण एक मधेच कुठंतरी हरवलं होतं. तेवढ्यापुरते हात सोडवून सिस्टर ठमीला स्वतःच्या छातीशी धरायच्या. पोटाला पोट. मान मोकळी. मग ठमीला मांडीवर ठेवून पुन्हा हात मागे.

"पण डोकं मागून दाबल्याशिवाय ते धरणार कसं?" एक आजी हटून बसल्या होत्या.

"आजी, मी तुमचं डोकं मागून पकडून ताटात दाबलं, तर जेवाल तुम्ही?"

"मला कोण दाबतंय!"

"म्हणून तर सुखानं जेवताय."

वॉर्ड हसला. आजीही हसल्या, पण जरा उशिरा.

हातावर हात धरून बसणं हेच ज्यांचं काम, अशा त्या एकट्याच असतील. ते काम सोपं नव्हतं. भुकेलं बाळ समोर आकांत करत असताना ज्याला सगळं येतं त्या माणसानं गप्प बसायचं, हे करून बघावं. ड्युटी संपेपर्यंत त्यांच्या मनगटावर त्यांच्याच बोटांचे वळ उठलेले असायचे.

त्यांचं वैर एकाशीच होतं. डब्याशी. पूर्वी वॉर्डात प्रत्येक कॉटशेजारच्या कपाटावर पावडरच्या दुधाचा डबा असायचा. कंपनीची बाई यायची, प्रत्येकीची विचारपूस करायची, डबा ठेवून जायची. बाई स्वभावानं गोड. कुणाला कितवं मूल, कुणाची आई आली नाही, सगळं तिच्या लक्षात. ज्यांना त्या दुधाची खरंच गरज होती, त्यांना सिस्टर स्वतः डॉक्टरांकडून ते लिहून आणायच्या. पण नुकतीच बाळंत झालेली मुलगी, दूध उतरायला वेळ लागतोय, बाळ रडतंय, आणि हाताशी डबा. दोनदा पाजलं की बाळ झोपतं. मग छातीला ओढायला कोणी उरत नाही. मग दूध खरंच कमी होतं. मग ती मुलगी सगळ्यांना सांगते, मला आलंच नाही. हे सिस्टरांनी इतक्यांदा पाहिलं होतं की डबा दिसला की त्यांचं टाळकं सरकायचं. त्यांनी मोठ्या साहेबांच्या केबिनचा उंबरा झिजवला. शेवटी सूचना लागली. वॉर्डात डबा आणायचा नाही.

आयाबाईनं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. "आज सिस्टर जिंकल्या," म्हणाली.

थोड्याच दिवसांत कंपनीची बाई पुन्हा आली. या वेळी तिच्याकडे पिवळ्या पिशव्या होत्या. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला एक.

"यात डबा आहे?" सिस्टरांनी वाट अडवली.

"तुम्हीच बघा ना."

सिस्टरांनी पिशवी खाली-वर करून झाडली. टोपडं निघालं. दुपटं निघालं. एक मऊ टॉवेल.

"टोपड्यावर पण बंदी आहे का सिस्टर?" कंपनीच्या बाईनं हसून विचारलं.

नव्हती. सिस्टरांना जिंकल्यासारखंच वाटलं. डबेवाले टोपड्यांवर आले, म्हणजे नाक घासतच आले की. कंपनीच्या बाईनं त्यांनाही एक पिशवी दिली. टोपडं आणि दुपटं त्यांनी गरजू मुलीला देऊन टाकलं. पिशवी मात्र ठेवली. पिशवी चांगली होती. जाड कापड, न अडकणारी चेन, खांद्याला न काचणारा पट्टा. ठमी तिच्यात मापात बसायची.

"शत्रूची पिशवी?" आयाबाईनं डिवचलं.

"पिशवीनं कुणाचं काय वाकडं केलंय?"

वर्षं गेली. पिशवीचा रंग उडाला, चेन तशीच राहिली.

*

सिस्टरांना एकच लेक. दूरच्या शहरात राहायची, घरांचे नकाशे काढायच्या ऑफिसात काम करायची. तिचं बाळंतपण तिकडेच झालं, ऑपरेशन करून. मग जावई तिला आणि बाळाला सिस्टरांकडे सोडून कामावर परत गेला.

"तुला काय गं काळजी," फोनवर सगळे तिला म्हणत. "तुझी आई तर दूधसिस्टर."

लेक "हो ना" म्हणायची आणि फोन ठेवायची. बाळ धड धरत नव्हतं. एकदा धरायचं, तोंडातून निसटायचं, पुन्हा रडायचं.

त्या दुपारी सिस्टर ड्युटीवरून आल्या तेव्हा रडणं जिन्यातच ऐकू आलं. दार उघडलं. लेक पलंगाच्या कडेला बसलेली, केस सुटलेले, बाळ लालबुंद. लेकीनं वर पाहिलं. "आई, कर ना गं काहीतरी."

सिस्टरांनी पिशवी टाकली. चप्पल काढायच्याही भानगडीत पडल्या नाहीत. मी बसू का, असं त्यांनी विचारलं नाही. एका हातानं त्यांनी लेकीची छाती धरली, दुसऱ्या हातानं बाळाचं डोकं, आणि दोन्ही एकमेकांवर दाबली.

बाळानं कमान केली. अशी किंकाळी फोडली की शेजारच्या काकू दारात आल्या.

सिस्टरांनी पुन्हा दाबलं.

एवढंच झालं. दोन-तीन क्षणांचं काम. पण त्यानंतर बाळाला छातीपाशी आणलं की ते आधीच रडायला लागायचं. मान मागे टाकायचं. सिस्टरांना हे माहीत होतं. पुस्तकातलं होतं, वॉर्डातलं होतं. घरात मात्र त्यांना ते दिसलं नाही. त्या लेकीच्या डोक्याशी उभ्या राहून बोलत राहिल्या.

"कोपर खाली घे. असं नाही. अगं, ताठ बस. घाबरतेस कशाला? जगात सगळ्यांना जमतं. तू माझी लेक आहेस."

शेवटचं वाक्य त्यांना धीराचं वाटायचं.

मग एके दिवशी घरी आल्या तर घर शांत. बाळ गाढ झोपलेलं. मुठी उघड्या.

"धरलं?"

"हो." लेक कपडे घडी करत होती. "जमलं एकदाचं."

सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर लेक पाजायला बसली की दार लावून घ्यायची. मोठ्या माणसांपुढे लाजत असेल, असं सिस्टरांनी ठरवलं. बाळाचे गाल भरायला लागले. वॉर्डात सिस्टर ज्याला त्याला सांगत सुटल्या. "माझ्या लेकीला बघा. ऑपरेशनचे टाके, पण हार मानली नाही." अडलेल्या प्रत्येक बाळंतिणीला लेकीचं उदाहरण मिळायला लागलं. आयाबाई म्हणाली, "आता लेकीला आणून त्या खुर्चीत बसवा आणि तुम्ही निवृत्त व्हा."

*

ते कळलं साध्या कारणानं. वॉर्डात रंगकाम निघालं, कोपरा रिकामा करायला लागला, आणि सिस्टर दुपारीच घरी आल्या. दाराची कडी लावलेली नव्हती.

लेक खिडकीपाशी बसली होती. मांडीवर बाळ. हातात बाटली. टेबलावर डबा.

सिस्टरांना डबा दिसला, पण तो नंतर. आधी दिसला लेकीचा चेहरा. त्यावर भीती होती. वॉर्डात नवऱ्याला, सासूला घाबरणाऱ्या मुली त्यांनी खूप पाहिल्या होत्या. चेहरा अगदी तसाच. घाबरण्यासारखं खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

बाळ चुटूचुटू ओढत होतं. तेवढाच आवाज होता.

"कुणी आणला?" सिस्टर म्हणाल्या.

"त्यांनीच पाठवला. पहिला भेट म्हणून. नंतरचा मी मागवला."

"त्यांनी म्हणजे?"

"मी फोन केला होता."

"कंपनीला? नंबर कुणी दिला तुला? त्या तिकडच्या हॉस्पिटलात दिला ना? मला वाटलंच—"

"आई," लेक म्हणाली. "तुझ्या खांद्यावर आहे."

सिस्टरांना कळलं नाही. मग त्यांनी पिशवी पुढे ओढली. बाजूच्या कप्प्यावर पिवळं फूल छापलेलं होतं. फुलाखाली अक्षरं होती. त्यांनी ती कधी वाचली नव्हती. 'आई, तू एकटी नाहीस. केव्हाही बोल.' खाली नंबर. बाकी पिशवीचा रंग उडाला होता. नंबर जसाच्या तसा.

"पिशवी दाराच्या खुंटीला असते," लेक म्हणाली. "मी पलंगावरून रोज तेच बघत होते."

सिस्टर उभ्याच होत्या.

"तिनं पहिल्यांदा विचारलं, जेवलात का. मग विचारलं, दुखतंय का. मी रडायला लागले, तर ती काही बोललीच नाही. नुसती ऐकत राहिली. मला माहितीये गं ती पगारी बाई आहे. तरीपण."

"दुखत होतं?"

"रक्त येत होतं, आई."

सिस्टरांनी हात तोंडावर नेला. वॉर्डात हा त्यांचा दुसरा प्रश्न असायचा. पहिला, बसू का. दुसरा, दुखतंय का.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू दूधसिस्टर. मी तुझी लेक. मला जमत नाही हे तुझ्यापुढे कुठल्या तोंडानं सांगू? वॉर्डातल्या त्या बायका तुला किती मानतात. मला वाटायचं, त्यांच्याशी बोलतेस तशी एकदा माझ्याशी बोल. लेक नको समजूस. पेशंट समज."

बाटली संपली. लेकीनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थापटायला लागली. तिला ते छान जमत होतं.

सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो लेकीजवळ ठेवला. बाटली उचलली, आत जाऊन धुतली, उकळत्या पाण्यात घातली. पाण्यात बाटली गरागरा फिरत होती. त्या ती बघत बसल्या.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठमीला तशीच काखेत मारली आणि बसमध्ये चढल्या. एका तरुणानं झटकन उठून जागा दिली. "बसा आजी, बाळ आहे." सिस्टर बसल्या. शेजारच्या बाईनं कौतुकानं वाकून पाहिलं, दोन रंगांची बटणं पाहिली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

वॉर्डात एक मुलगी घरी जायच्या तयारीत होती. कॉटवर पिवळी पिशवी. त्या फुलापाशी बोट ठेवून सिस्टरांनी विचारलं, "हे वाचलंस का?"

"हो. काही अडलं तर इथंच फोन करायचा ना?"

"कुणी सांगितलं?"

मुलगी गोंधळली. "कुणी नाही. तुमच्याकडेही हीच पिशवी असते. मला वाटलं, तुमचाच नंबर आहे."

सिस्टर कॉटशेजारच्या स्टुलावर बसल्या. बसू का, हे विचारायचं राहिलं. किती वर्षं ती पिशवी खांद्याला लावून त्या या रांगेतून फिरल्या होत्या. कंपनीला कोपऱ्यात बसायला जागा नव्हती. आणि पिशवी तर रोज पडद्याच्या आत, स्टुलाच्या शेजारीच असायची.

कंपनीची बाई दुपारी भेटलीच. "सिस्टर, आज पिशवी नाही? जुनी झाली असेल. नवी देऊ?"

सिस्टरांकडे बोलायला खूप होतं. रात्रभर जुळवलेलं होतं. पण समोरची बाई खरंच पिशवी काढायला लागली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं.

"तुमच्या त्या नंबरावर कोण असतं?" सिस्टरांनी विचारलं.

"मुली असतात. शिकवलेल्या. चांगलं बोलतात."

"हो. चांगलं बोलतात," सिस्टर म्हणाल्या. "पिशवी नको."

मोठ्या साहेबांकडे त्या गेल्या. पिशवीचं बोलल्या. साहेब म्हणाले, "अहो, टोपडं आहे त्यात. टोपडं मी काय म्हणून बंद करू?" सिस्टर म्हणाल्या, "टोपडं राहू दे. मला एक फोन द्या. आणि तो उचलायला माणूस." साहेबांनी बघू म्हटलं. त्यांच्या बघूचा अर्थ अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक होता. उंबरा अजून थोडा झिजायचा होता.

*

संध्याकाळी त्यांनी बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल पुसलं, लेकीच्या खोलीच्या दाराशी आणलं आणि तिथंच थांबल्या.

"मी इथं बसू का?"

लेक बघत राहिली. "आई, हे काय नाटक?"

सिस्टर उभ्याच होत्या. उत्तर आल्याशिवाय त्या बसत नसत.

"बस," लेक म्हणाली.

त्या बसल्या. हात पाठीमागे नेले.

"दुखतंय का?"

लेकीनं तोंड फिरवलं. मग सांगायला लागली. टाक्यांचं सांगितलं, छातीचं सांगितलं. त्या दुपारचंही सांगितलं. "तू दाबलंस ना, तेव्हा मला वाटलं, ते माझ्यावरच ओरडलं." सिस्टर मनगट घट्ट धरून बसल्या.

त्या दिवशी पाजलं बाटलीनंच. दुसऱ्या दिवशीही. सिस्टरांनी एवढंच सुचवलं, की पोट भरल्यावर बाळाला उघडं करून नुसतं छातीवर झोपव. पाजायचं नाही. धरायला लावायचं नाही. त्याला त्या जागेची भीती बसलीये, ती जाऊ दे. थोडं दूध हातानं काढत राहा, म्हणजे ओघ आटणार नाही. जखमेला लावायला मलम आणलं. लेकीनं विचारलं, "आणि परत बाळ छातीशी आलंच नाही, तर?"

"नाही आलं तर नाही," सिस्टर म्हणाल्या. हे म्हणायला त्यांना जड गेलं, आणि लेकीला ते दिसलं. "बाटली मी धुवेन."

"ठमी कुठाय?"

"आणू?"

"आण. दाखव एकदा. मला कधीच दाखवलं नाहीस."

सिस्टरांनी लेकीला ठमी दाखवली. पोटाला पोट, मान मोकळी. लेक नकाशे काढणारी. तिनं बघितलं, उशी दुमडली, कोपराखाली सरकवली आणि म्हणाली, "म्हणजे कोन बदलायचाय. मग तू 'ताठ बस' काय ओरडत होतीस?"

"चुकलं."

हा शब्द लेकीनं आईच्या तोंडून बहुधा पहिल्यांदा ऐकला. तिनं उशी आणखी थोडी सरकवली.

असेच दिवस गेले. बाळ छातीवर झोपायचं, कधी नाकानं हुंगायचं, कधी मान मागे टाकायचं. मान टाकली की लेक त्याला वर घ्यायची, "बरं, नको तर नको," म्हणायची. हे वाक्य तिनं कुठून उचललं, दोघींनाही माहीत होतं.

एका दुपारी बाळ छातीवर पालथं पडलं होतं. ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. बाळानं डोकं उचललं, इकडे आपटलं, तिकडे आपटलं, सरपटत खाली गेलं आणि तोंड उघडलं. मोठं. ठमीसारखं.

लेक हलली नाही. फक्त दंड थोडा जवळ आणला.

बाळानं धरलं.

एकदा ओढलं. थांबलं. पुन्हा ओढलं. मग गिळल्याचा आवाज आला. बाटलीपेक्षा वेगळा, जाडसर. सिस्टर तो आवाज पडद्यापलीकडून ओळखायच्या.

आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या नाकाला खाज सुटली. शेंड्यापासून वर डोळ्यांच्या मधोमध. हात मागे होते. हात पुढे आणावे तर बाळ दचकेल. स्टूल करकरत होतं. सिस्टरांनी नाक आवळलं, वर केलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. डोळ्यांतून पाणी आलं. ते खाजेचंच असं त्यांना म्हणता आलं असतं.

"आई," लेक कुजबुजली, "काय झालं तुला?"

सिस्टरांनी डोळ्यांनीच सांगितलं, काही नाही.

लेकीनं एक हात बाळाखाली तसाच ठेवला. दुसरा हळूच मोकळा केला, खाली वाकवला आणि आईच्या नाकावर बोट टेकवलं.

"इथं?"

सिस्टरांनी मान किंचित हलवली.

"की वर?"

"वर," दूधसिस्टर म्हणाल्या. लेक खाजवत राहिली. बाळ पीत राहिलं.